पकड सैल होते आहे

९ जानेवारी

आज एका माणसाच्या कानाखाली जाळ काढला. नव्या लेसरची पेटी घेऊन आलेला गाडीवाला होता. पेटीवर चारी बाजूंनी 'नाजूक, आडवी ठेवू नये' असं ठळक लिहिलेलं, आणि हा पठ्ठ्या ती आडवी टाकून तिच्यावरच बूड टेकून मोबाइल बघत बसलेला. ऊठ म्हणालो तर म्हणतो, "का, अंडी आहेत का आत?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. जावईबापूंनी मागून कमरेला मिठी घालून ओढलं नसतं तर त्याला दात गोळा करत घरी जावं लागलं असतं.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, ठकीचा नवरा. आमची प्रयोगशाळा एक आणि घरही एक. खाली आई आणि मी, वर ती दोघं. लग्न मीच जमवलं. मला बाजूला नेऊन ते हळूच म्हणाले, "दादा, चारचौघांत हात उचलू नये माणसाने." केवढा संयम! माझा तळहात अजून झिणझिणतोय आणि खरं सांगायचं तर छान वाटतंय.

१७ जानेवारी

आईने आज पुन्हा विचारलं, "तुम्ही दोघं दिवसभर त्या थंड खोलीत करता तरी काय?" मी उत्साहाने समजावलं. अणूच्या मधल्या गाभ्याने भोवतीच्या इलेक्ट्रॉनला विजेच्या जोराने धरून ठेवलेलं असतं. ही पकड किती घट्ट, याचा एक आकडा आहे. त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव आहे, पण आम्ही त्याला नुसतं 'पकड' म्हणतो. हा आकडा विश्वाच्या सुरुवातीपासून बदललेला नाही असं सगळे धरून चालतात. पण धरून चालणं वेगळं आणि मोजून बघणं वेगळं. म्हणून आमच्याकडे दोन अणूंची दोन घड्याळं आहेत. एक अणू पकडीच्या बाबतीत फार हळवा, दुसरा अगदी निबर. पकड जरा जरी सैल झाली तर हळवं घड्याळ सरकेल, निबर ढिम्म राहील. दोघांतला फरक वाढत गेला की समजायचं, जगाचा एक नियम बदलतोय.

आई शांतपणे म्हणाली, "काही बदलत नसतं रे. तुझ्या वडिलांपासून बघतेय मी." मी खूप हसलो. काय बाई आहे!

वडिलांवरून आठवलं. त्यांचा पट्टा दाराच्या मागे असायचा. मी आणि ठकी मार खाऊनच मार्गी लागलो. ठकी गणितात पहिली यायची ती काय उगीच? पुढे शाळेत गणित शिकवायचीही. लग्नानंतर सोडलं. जावईबापू म्हणतात, गरज काय.

२ फेब्रुवारी

आमच्या विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, त्यांनी आज नियम पुन्हा एकदा सुनावले. पहिला नियम झाकल्या मुठीचा. संगणकाने आमच्या निकालात एक गुप्त आकडा मिसळून ठेवला आहे, तो फक्त बाईंना काढता येतो. त्यामुळे आलेखाची रेघ चढताना दिसली तरी ती खरंच चढते आहे की गुप्त आकड्यामुळे, ते आम्हाला कळत नाही. माणूस लबाड असतो, त्याला हवं तेच त्याला दिसतं, म्हणून ही मूठ. उघडेपर्यंत सव्वा लाखाची!

दुसरा नियम, वाईट दिवस टाकून देता येतो, पण कारण सांगून, आणि मूठ उघडायच्या आधी. उघडल्यावर वेचावेची नाही. हा नियम मला मनापासून आवडतो. दिवस टाकण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

१२ फेब्रुवारी

काल जेवताना वर धाडकन आवाज झाला. मग आणखी एक. दिव्याची साखळी हलली. आई म्हणाली, "कपाट सरकवत असतील." या दोघांना घरातल्या वस्तू हलवायचा भारी सोस.

सकाळी बघतो तर ठकीचा हात गळ्यात. म्हणे जिन्यात पाय घसरला. लहानपणापासून धांदरट, सरळ रस्त्यावर ठेचकाळायची. मी म्हणालो, "तुला बांधून ठेवायला पाहिजे." तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिची विनोदबुद्धी अलीकडे कमी झाली आहे.

प्रयोगशाळेत जावईबापूंच्या हाताला कंप सुटलेला. बोटांची पेरं सोललेली. कपाटाला खरचटली असणार. किरण काही जुळेना. एरवी हा माणूस केसाइतक्या किरणाला बाळासारखा जपतो. आजचा दिवस टाकला. कारण: हात स्थिर नाही.

६ मार्च

मोठा दिवस! आलेखाची रेघ सरळ नाही, खाली उतरते आहे. अर्थात मूठ झाकलेली आहे, त्यामुळे उड्या मारू नयेत. मी मारल्या नाहीत. जावईबापूंनी मारल्या. "दादा, पकड सैल होते आहे! माझी खात्री आहे, गुप्त आकडा एवढा मोठा असूच शकत नाही." दुपारी दुसऱ्या गटाचा एक पाहुणा आला होता, तो म्हणाला की आमच्याकडे तर असं काही दिसत नाही, तपमानाची चूक असेल. जावईबापू गोड हसले, त्याला दारापर्यंत पोचवून आले आणि मग पडदा उचलून भिंतीवर फेकला. संगणकाचा पडदा, खिडकीचा नव्हे. काचा माझ्या बुटात गेल्या. असा झपाटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला हेवा वाटला.

संध्याकाळी दोघं बाहेर जेवायला गेली. इतक्या उकाड्यात ठकीच्या लांब बाह्या, वर काळा चष्मा. मी म्हणालो, "काय गं, नटी झालीस का?" ती हसायला गेली आणि बरगडी धरून जिन्यात खाली बसली. खूप हसलं की तिला लचक भरते.

२९ मार्च

आज ठकी दुपारी एकटीच खाली आली. चहाचा कप धरून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "दादा, तुमच्यात वाईट दिवस टाकून देतात ना?"

मला बरं वाटलं, किती दिवसांनी कामाचं विचारलं तिने. "देतात की. कारण असलं की टाकायचा."

"आणि टाकलेल्या दिवसांचं काय होतं?"

"काही नाही. झालेच नव्हते असं धरायचं."

"आणि वाईट दिवसच जास्त झाले तर?"

"मग यंत्रात दोष. यंत्र बदलायचं."

तिने मान हलवली. "बरं," म्हणाली. कप धुऊन पालथा घातला आणि वर गेली. जाताना दारात थांबली, मला वाटलं अजून काही विचारेल. तिला भौतिकशास्त्र घ्यायला लावलं असतं तर आज ती आमच्यात असती.

१० एप्रिल

मन थाऱ्यावर नाही. ठकी दोरीवर कपडे घालत होती, बाही मागे सरकली. मनगटाच्या वर निळे डाग, ओळीने, बोटांसारखे. मी विचारलं तर म्हणाली, "दारात हात सापडला." दारात हात सापडला तर एक पट्टा उमटतो. मला मोजमाप शिकवू नये कुणी.

तसाच वर गेलो. जावईबापूंनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, हातात ग्लास पुसायचं फडकं. "या दादा!" स्वतः चहा केला. मी डागांचं विचारलं. ते जरासुद्धा गडबडले नाहीत. म्हणाले, "अहो, जिन्यात पडत होती, मी धरली. नसती धरली तर डोकं फुटलं असतं." पकड घट्ट होती म्हणून वाचली, असं वर हसले. मीही हसलो. खाली आलो तेव्हा माझीच मला लाज वाटली. घरच्या माणसाबद्दल असलं पाप मनात आणायचं?

१५ एप्रिल

बाईंनी आज मला एकट्याला बोलावलं. "तुमच्या टाकलेल्या दिवसांत 'हात स्थिर नाही' हे कारण फार आहे. का रे?"

मी म्हणालो, कामाचा ताण.

"ताण मलाही आहे. माझी पेरं सोललेली नसतात. तुझ्या बहिणीला कधी विचारलंस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विभागप्रमुख असाल, माझ्या घरात कशाला नाक खुपसता? असं तोंडावर म्हणालो नाही. बाहेर येऊन कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली, तो चेपला. मग मेहुण्याचा अपमान झाला म्हणून त्यांना सगळं सांगितलं. ते नुसतं "अस्सं" म्हणाले आणि आज लवकर घरी गेले.

संध्याकाळपासून ठकी दिसली नाही. आई म्हणते ताप आहे.

२१ एप्रिल

मूठ उघडली. शून्य.

बाईंनी गुप्त आकडा काढला आणि रेघ आडवी झाली. आमच्या मोजणीच्या टप्प्यात तरी पकड बदललेली नाही. मी दुःखी व्हायला हवं होतं, पण मला विचित्र आधार वाटला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ताऱ्यातही हीच पकड, या खोलीतही हीच. एखादी गोष्ट तरी जागच्या जागी आहे.

जावईबापू पांढरेफटक पडले. "टाकलेले दिवस परत घ्या," म्हणाले. बाई म्हणाल्या, "मूठ उघडली, आता वेचायचं नाही." ते पुन्हा पुन्हा तेच. शेवटी टेबलावर मूठ आपटून ओरडले, "ते दिवस माझे आहेत!" मला त्यांची कीव आली. या निकालावर त्यांनी व्याख्यानांची बोलावणी घेतली होती, भाषणं लिहिली होती.

२२ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो.

बाई वरच्या मजल्यावर वरिष्ठांना निकाल कळवायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. मोठा आरसा सफाईसाठी, दोन घड्याळं ताडून बघणाऱ्या यंत्रातून बाहेर काढलेला, टेबलाच्या कडेला त्याच्या स्टँडवर होता. तसला आरसा पुन्हा घडवायचा तर वर्षं जातील. जावईबापू कालचंच पालुपद लावून येरझारा घालत होते.

दार उघडून ठकी आत आली. खांद्याला प्रवासाची बॅग. ती आधी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि मग त्यांना म्हणाली, "मी जातेय. मैत्रिणीकडे. परत येणार नाही. दादासमोर सांगायचं म्हणून इथे आले."

ते हसले. जाऊन दाराला आतून कडी घातली. "आज? तुला आजचाच दिवस मिळाला?" आणि तिचे केस धरून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कपाटाचा नव्हता, कधीच नव्हता.

टेबल हललं. स्टँड डुलला. मी झेप घेतली. आरसा धरायला.

दोन्ही हातांनी आरसा छातीशी धरून मी उभा राहिलो. ठकी खाली पडली होती. तो तिला लाथा घालत होता, पोटात, पाठीत, बूट घातलेल्या पायाने, आणि दरवेळी "कुणाला सांगितलंस? त्या थेरडीला सांगितलंस?" म्हणत होता. म्हणजे बाईंना. मी सांगितलेलं तो तिच्यावर काढत होता. ठकी ओरडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "अहो, आरसा आहे इथे." हे शब्द मी बोललो. किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. जगातली सगळ्यात अचूक घड्याळं माझ्या मागे चालू होती आणि मला वेळ सांगता येत नाही.

टेबलाखालच्या फळीवर मोठा पाना असतो. तिच्या हाताला तो लागला. तिने तो त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो वाकला तेव्हा जबड्यावर. तो आडवा झाला आणि तोंडातून रक्त, दात, सगळं फरशीवर आलं. तिने तिसऱ्यांदा पाना उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला ठेवून दिला. मग भिंतीला टेकून बसली आणि रक्त ओकली.

मी आरसा त्याच्या डब्यात ठेवला. डब्याची चारही कुलपं लावली. मग तिच्याकडे गेलो. तिने हाताने मला दूर सारलं, आणि कडी काढायची खूण केली.

वर लिहिताना 'ते'चं 'तो' कधी झालं मला कळलं नाही. दुरुस्त करणार नाही.

२४ एप्रिल

त्याचा जबडा तारेने बांधलाय. बोलता येत नाही, पण मला निरोप पाठवून इस्पितळात बोलावलं. मोबाइलवर टाइप करून पडदा माझ्यासमोर धरला. 'दादा, ती चक्कर येऊन पडली. पाना फळीवरून माझ्या अंगावर आला. मी तक्रार करणार नाही, तिनेही करू नये. ती घरी येईल. आपण पुन्हा मोजू.' मग त्याने आणखी लिहिलं. 'नाहीतर ती तुरुंगात जाईल. माझा जबडा सगळ्यांना दिसतो. तिचं कोण बघतं?'

खरं लिहितो. घरी येईपर्यंत मला ते पटलं होतं. एक दिवस टाकायचा, बस. कारणही तयार आहे. ठकी सुटेल, हा सुटेल, प्रयोग सुटेल, आणि आरसा धरलेला तो मीही सुटेन.

आई दारातच होती. "तू सांग, ठकीच्या डोक्यावर परिणाम झालाय. जावयाचं तोंड फोडलं तिने, मी लोकांना कुठलं तोंड दाखवू?"

"आई, तो तिला मारतो. वर जे आवाज यायचे—"

"मला काय कान नाहीत?" आई म्हणाली. "आणि जावयाला अरेतुरे करू नकोस."

आईला माहीत होतं. मग मला का माहीत नव्हतं? का होतं? मी भिंतीवर मूठ मारली. पेरं सोलली. बघितली, आणि मला भीती वाटली. स्वतःची.

२५ एप्रिल

पोलीस ठाण्यात जबाब दिला. अधिकारी टक्कल पडलेला, कंटाळलेला माणूस.

"भांडण कशावरून?"

"पकडीवरून," माझ्या तोंडून निघालं. "ती सैल होते आहे असं त्याचं म्हणणं होतं."

त्याने पेन थांबवलं. "एका पकडीवरून एवढं? अवजारांत दुसरी नव्हती?"

मला हसू फुटलं, आणि मग हसता हसता जे रडायला लागलो ते थांबेना. त्याने पाणी दिलं. मग मी सगळं सांगितलं. दिव्याची साखळी, गळ्यातला हात, काळा चष्मा, बोटांचे डाग, मी घेतलेला चहा. बाईंचं बोलणं मी मेहुण्याला कळवलं होतं, आणि त्यानंतर ठकी तापाने दिसली नाही, तेही. आधी कोणी मारलं ते सांगितलं. कडी कोणी लावली ते सांगितलं.

"हे सगळं होताना तुम्ही काय करत होता?"

"आरसा धरून उभा होतो."

"आरसा? तोंड बघायचा?"

"नाही. यंत्राचा."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आणि सोडवायला नाही गेलात?"

"नाही."

"हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

बाहेर पडलो तेव्हा बाई बाकावर बसल्या होत्या, आपला जबाब द्यायला.  

२८ एप्रिल

अधिकाऱ्याचा फोन आला. ठकीवर गुन्हा नाही. स्वतःला वाचवायला मारलं असं धरलंय. त्याच्यावर आहे. आई माझ्याशी बोलत नाही, ताट आपटून समोर ठेवते.

दुपारी इस्पितळात गेलो. ठकी उशीला टेकून बसली होती. डोक्याला टाके, एक डोळा अजून पूर्ण मिटलेला, छाती पट्ट्यांनी आवळलेली. श्वास घेताना तिच्या कपाळावर आठी पडत होती. कितीतरी ठरवून गेलो होतो, खुर्चीत बसलो आणि सगळं विसरलो.

"सांगितलंस म्हणे," तीच म्हणाली.

"सगळं."

"आरसा धरला होतास, तेही?"

"तेही."

तिने मान खिडकीकडे वळवली. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला शिव्या देईल, आणि दोन्हीसाठी मी तयार होतो. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने विचारलं,

"वाचला का?"

"कोण?"

"आरसा."

खोटं बोलावंसं वाटलं. फुटला म्हणावं, तुकडे झाले म्हणावं.

"वाचला," मी म्हणालो.

"ओरखडासुद्धा नाही?"

"नाही."

"मग बरं झालं," ठकी म्हणाली, आणि तिने चादर हळूहळू गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आता तू जा, दादा. माझी मैत्रीण येईल, तिला खुर्ची लागेल."